साखळीचे गाव आणि उपग्रहाचे गाव : जुन्नर व आंबेगाव तालुक्यांतील भूमापनाच्या चौकटींचा इतिहास

प्रस्तावना

पुणे जिल्ह्याच्या उत्तर भागातील जुन्नर आणि आंबेगाव हे तालुके सह्याद्रीच्या मुख्य रांगेपासून पूर्वेकडील पठारी प्रदेशापर्यंत पसरलेले आहेत. कुकडी, पुष्पावती, मीना आणि घोड या नद्यांच्या खोऱ्यांत पश्चिमेस अतिपावसाची, डोंगरउताराची आदिवासी गावे आहेत, तर पूर्वेस बागायती शिवार आहे. सातवाहनकालीन जुन्नर, नाणेघाटातील शिलालेख, भोवतालच्या डोंगरांतील लेणी आणि शिवनेरी यांमुळे या परिसराचा प्राचीन व मध्ययुगीन इतिहास अभ्यासकांच्या परिचयाचा आहे. याच भूमीची मोजणी कोणी केली, कोणत्या हेतूने केली आणि कोणते माप वापरले, हा इतिहास मात्र बहुधा महसुली दप्तरातच राहतो.

या इतिहासाकडे पुन्हा वळण्याचे एक व्यावहारिक कारण आहे. गावनकाशे संगणकावर आले असून शेताची हद्द उपग्रहाधारित यंत्राने मोजली जाते. या यंत्रातून अक्षांश-रेखांश मिळतात. जुन्या गावनकाशावर मात्र अक्षांश नसतो आणि रेखांशही नसतो. त्यावर असते ती गावाची शीव, सर्व्हे क्रमांकांच्या हद्दी आणि साखळीने मोजलेली अंतरे. म्हणून उपग्रहाने दिलेले स्थान गावाच्या स्थानिक जाळ्यात बसवावे लागते, किंवा गावाचे जाळे उलटपक्षी पृथ्वीच्या जाळ्यात बसवावे लागते. नकाशाप्रणाली हे काम काही क्षणांत करते. त्या क्षणात सुमारे दोनशे वर्षांतील भूमापनाच्या निरनिराळ्या चौकटी एकमेकींवर ठेवल्या जातात. प्रत्येक चौकट निराळ्या प्रश्नाचे उत्तर देण्यासाठी तयार झाली होती. हा इतिहास ध्यानात न घेता केलेले रूपांतर गणिताने अचूक असूनही जमिनीवर चुकीचे ठरू शकते, हे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

गुंठ्याची साखळी

पेशवाईच्या अस्तानंतर दख्खनच्या नव्या मुलखात शेतसाऱ्याची आकारणी कशी करावी, हा कंपनी सरकारपुढील मोठा प्रश्न होता. १८२० च्या दशकात रॉबर्ट कीथ प्रिंगल या अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली पुणे प्रांतात मोजणी व आकारणी झाली. निव्वळ उत्पन्नाच्या सूक्ष्म हिशोबावर उभारलेली ही आकारणी प्रत्यक्षात टिकली नाही. त्यानंतर १८३५-३६ मध्ये गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी इंदापूर तालुक्यात नवी पद्धत सुरू केली. आकारणी तीस वर्षांसाठी कायम करणे आणि सर्व्हे क्रमांक हा आकारणीचा घटक मानणे ही तिची प्रमुख अंगे होती. १८४७ च्या संयुक्त अहवालाने या पद्धतीस सर्वसाधारण नियमांचे रूप दिले. पुढे ती मुंबई इलाख्यात सर्वत्र पसरली आणि तिच्या चौकटीतच जुन्नर-आंबेगावची शिवारेही नकाशावर आली.

या मोजणीचे साधन साधे होते. तेहतीस फुटांची साखळी सोळा आण्यांत विभागलेली असे. साखळीभर लांब आणि साखळीभर रुंद जागा म्हणजे एक गुंठा, अर्थात १,०८९ चौरस फूट. चाळीस गुंठ्यांचा एक एकर. शंकूच्या साहाय्याने काटकोन साधून आणि साखळीने अंतरे घेऊन प्रत्येक शेताचे टिपण तयार होई. टिपणांवरून क्षेत्र काढले जाई आणि अखेरीस गावाचा नकाशा सिद्ध होई. या नकाशाचे रूढ प्रमाण एक इंचास वीस साखळ्या, म्हणजे ६६० फूट, असे आहे. आजच्या भाषेत १ : ७,९२०. या प्रमाणावर कागदावरील अर्धा मिलिमीटर म्हणजे जमिनीवरील जवळजवळ चार मीटर. पेन्सिलीच्या रेषेची जाडीही बांधाच्या रुंदीपेक्षा अधिक भरते.

या पद्धतीचा मूळ स्वभाव लक्षात घेणे अगत्याचे आहे. साखळीची मोजणी एका दगडापासून दुसऱ्या दगडापर्यंत जाते. शेत पृथ्वीवर नेमके कोठे आहे, हे ती सांगत नाही. शेजारच्या शेतापासून ते कोठे सुरू होते, हे सांगते. गावच्या जाळ्याचा मूळबिंदू गावातच असतो. आकारणीसाठी क्षेत्र हवे होते आणि तंटा मिटविण्यासाठी शेजाऱ्यापासूनचे अंतर हवे होते. ही दोन्ही कामे साखळी चोख पार पाडी. पृथ्वीच्या गोलाईचा विचार करण्याचे तिला कारणच नव्हते.

मर्यादा जाणवते ती डोंगरउतारावर. नकाशावरील अंतर क्षितिजसमांतर धरलेले असते. वीस अंशांच्या उतारावर तेहतीस फुटांची साखळी जमिनीलगत ताणली, तर तिचे समतल अंतर सुमारे एकतीस फूटच भरते. म्हणून उतारावर साखळी पायरी-पायरीने समतल धरून मोजावयाची असते. सपाट शिवारात या दक्षतेचा प्रश्नच उद्भवत नाही. आंबेगावच्या पश्चिम भागातील भातखाचरे आणि वरकस जमिनी मोजताना ती किती पाळली गेली, यावर त्या गावच्या नकाशाची विश्वासार्हता अवलंबून राहते. एकाच तालुक्यातील दोन गावनकाशे या कारणाने समान गुणवत्तेचे नसतात.

एव्हरेस्टची पृथ्वी

महसुली मोजणी चालू असतानाच दुसरी मोजणी वेगळ्या हेतूने चालली होती. १८०२ मध्ये विल्यम लँबटन याने मद्रासजवळ पायारेषा मोजून त्रिकोणमितीय सर्वेक्षणास आरंभ केला. मराठी वाचकांस या कार्याची एक खूण जवळची आहे : लँबटनचा मृत्यू १८२३ मध्ये वर्धा जिल्ह्यातील हिंगणघाट येथे झाला. त्याचा वारसदार जॉर्ज एव्हरेस्ट याने भारतातील मापनांचा आधार घेऊन १८३० मध्ये पृथ्वीच्या आकाराची जी मूल्ये निश्चित केली, ती भारतीय नकाशांचा पाया ठरली. मध्य प्रदेशातील सिरोंजजवळचे कल्याणपूर हे या चौकटीचे मूळस्थान मानले गेले. बीदरच्या बाजूने मुंबईकडे गेलेल्या मुंबई रेखांशीय त्रिकोणमालेने पश्चिम महाराष्ट्र या चौकटीशी जोडला गेला.

या मोजणीला शेताशी कर्तव्य नव्हते. डोंगरमाथ्यावरून डोंगरमाथा पाहावयाचा, कोन मोजावयाचा आणि स्थान निश्चित करावयाचे, ही तिची रीत. शिखराचे स्थान तिला अचूक हवे होते. शिखराखालचा बांध कोणाचा, हा तिचा विषय नव्हता. अशा रीतीने एकाच सह्याद्रीवर दोन मोजण्या झाल्या. एक माथ्यावरून गेली, दुसरी खाचरांतून. त्यांचा परस्परसंबंध फार थोड्या ठिकाणी जुळविला गेला. आजच्या रूपांतराच्या पुष्कळशा अडचणी या जुन्या अंतरातून आलेल्या आहेत.

भारतीय सर्वेक्षण विभागाचे स्थलनिर्देशक नकाशे याच एव्हरेस्टच्या गणिती गोलावर उभे राहिले. त्यांच्या क्रमपद्धतीत १९ अंश ते १९ अंश १५ कला उत्तर अक्षांश आणि ७३ अंश ४५ कला ते ७४ अंश पूर्व रेखांश यांमधील पत्रकास ४७ ई/१६ हा क्रमांक आहे, आणि जुन्नर शहर त्यात येते. आंबेगावच्या पश्चिम भागातील माळीण त्याच्या डावीकडील ४७ ई/१२ या पत्रकात येते. हे नकाशे बहुशंकू प्रक्षेपणावर काढलेले होते आणि प्रत्येक पत्रकास स्वतःचे मध्य रेखावृत्त होते. त्यामुळे शेजारशेजारची पत्रके सलग जोडण्यातही सूक्ष्म तडजोड करावी लागे.

मंचरवरून जाणारे अक्षवृत्त

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात लष्करी उपयोगासाठी भारतीय उपखंडावर लँबर्ट शंकू प्रक्षेपणाचे चौरस जाळे टाकण्यात आले. त्याचे विभाग पाडले गेले आणि पश्चिम महाराष्ट्राचा बहुतेक भाग ‘तीन-अ’ या विभागात आला. या विभागाचे मूळ अक्षवृत्त १९ अंश उत्तर आणि मध्य रेखावृत्त ८० अंश पूर्व असे आहे. ऋण संख्या टाळण्यासाठी मूळबिंदूस ३०,००,००० यार्ड पूर्व आणि १०,००,००० यार्ड उत्तर अशी कल्पित मूल्ये दिलेली आहेत.

१९ अंश उत्तर हे अक्षवृत्त आंबेगाव तालुक्यातून, मंचरच्या अगदी जवळून जाते. सबंध विभागाचे उत्तर-दक्षिण गणित ज्या रेषेवर बेतलेले आहे, तिच्यावरच हा परिसर आहे. असे असूनही स्थानिक मोजणीच्या दृष्टीने हे जाळे या परिसरास सोयीचे नाही. मूळ अक्षवृत्तावर प्रमाणगुणक ८२३/८२४ असा धरलेला आहे, म्हणजे जमिनीवरील एक किलोमीटर जाळ्यावर सुमारे १.२ मीटरने आखूड दिसतो. शिवाय मध्य रेखावृत्त मंचरपासून सहा अंशांहून अधिक पूर्वेस असल्याने जाळ्याची उत्तर दिशा खऱ्या उत्तरेपासून जवळजवळ दोन अंश ढळलेली असते. या ढळण्याकडे दुर्लक्ष केल्यास एक किलोमीटर अंतरावरील बिंदू सुमारे ३४ मीटर बाजूला पडतो.

मापाच्या एककानेही येथे घोटाळा होतो. या जाळ्याचा यार्ड भारतीय फुटावर आधारलेला आहे आणि तो आजच्या आंतरराष्ट्रीय यार्डाहून किंचित लहान आहे. हा फरक हातभर कापडात दिसणार नाही. परंतु ३०,००,००० यार्डांचे मीटर करताना एका पद्धतीने २७,४३,१९५.५ आणि दुसऱ्या पद्धतीने २७,४३,२०० अशी उत्तरे येतात. कल्पित मूल्याच्या या एका रकमेतच साडेचार मीटरांची तफावत पडते. एव्हरेस्टच्या पृथ्वीची त्रिज्या मीटरमध्ये सांगताना निरनिराळ्या काळांतील दस्तऐवजांत निरनिराळे आकडे आढळतात, त्याचेही एक कारण फुटाचे मीटर करण्याच्या भिन्न रीतींत आहे.

उपग्रहाची चौकट

उपग्रहाधारित स्थाननिश्चिती पृथ्वीच्या केंद्राशी जुळविलेल्या जागतिक चौकटीवर चालते. ती डब्ल्यूजीएस ८४ या नावाने ओळखली जाते. तिच्या गणिती गोलाची विषुववृत्तीय त्रिज्या एव्हरेस्टच्या गोलाहून आठशे मीटरांपेक्षा अधिक आहे आणि दोन्ही गोलांची केंद्रेही एकाच जागी नाहीत. म्हणून त्याच दगडाचे अक्षांश-रेखांश दोन चौकटींत निराळे येतात. एका चौकटीतून दुसरीत जाण्यासाठी सामान्यतः वापरली जाणारी २९५, ७३६ आणि २५७ मीटर ही सरकमूल्ये घेऊन मंचरजवळ गणित केले, तर पूर्व-पश्चिम सुमारे ८० मीटर आणि उत्तर-दक्षिण सुमारे १०० मीटर फरक येतो. दोन्ही मिळून हे अंतर सव्वाशे मीटरांच्या घरात जाते.

हा फरक नागरी वापरात पूर्वी सहज लक्षात येत नसे. अमेरिकी लष्कराने नागरी संकेतात मुद्दाम मिसळलेल्या दोषामुळे साध्या यंत्राची चूकच शंभर मीटरांपर्यंत जात असे. मे २००० मध्ये हा दोष काढून टाकण्यात आला आणि साध्या यंत्राची अचूकता दहा-पंधरा मीटरांवर आली. यंत्र सुधारले आणि जुन्या नकाशाशी असलेली विसंगती उघडी पडली. मे २००५ च्या राष्ट्रीय नकाशा धोरणाने नागरी उपयोगासाठी मुक्त मालिका नकाशांची सोय केली. हे नकाशे डब्ल्यूजीएस ८४ चौकटीत आणि सार्वत्रिक आडव्या मर्केटर जाळ्यावर, म्हणजे यूटीएमवर, आधारलेले आहेत. पुढे फेब्रुवारी २०२१ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी आणि २०२२ च्या राष्ट्रीय भूस्थानिक धोरणाने नकाशाविषयक निर्बंध पुष्कळ सैल केले.

यूटीएम जाळ्यात जुन्नर व आंबेगाव ४३ उत्तर या पट्ट्यात येतात. पट्ट्याचे मध्य रेखावृत्त ७५ अंश पूर्व आहे. १९ अंश उत्तर व ७३ अंश ५६ कला पूर्व हा मंचरजवळचा बिंदू या जाळ्यात सुमारे ३,८७,७०० मीटर पूर्व आणि २१,०१,२०० मीटर उत्तर असा येतो. येथे एक किलोमीटर सुमारे २५ सेंटिमीटरांनी आखूड दिसतो आणि उत्तर दिशा सुमारे २१ कलांनी ढळते. लँबर्ट जाळ्याच्या तुलनेत ही विकृती पुष्कळच कमी आहे. तथापि यातही एक सापळा आहे. ‘४३ उत्तर’ हे नाव डब्ल्यूजीएस ८४ च्या जाळ्यास लागते, तसेच कल्याणपूर चौकटीवरील जाळ्यासही लागते. नकाशाप्रणालीच्या यादीत पहिल्याचा क्रमांक ३२६४३ आणि दुसऱ्याचा २४३४३ असा आहे. दोहोंतील आकडे दिसण्यास सारखे, सहा-सात अंकी असतात. चुकीचा क्रमांक निवडला तरी प्रणाली तक्रार करीत नाही. नकाशा उमटतो, केवळ तो शंभर मीटरांहून अधिक सरकलेला असतो.

खोडदचा पडताळा

स्थानिक जाळे आणि जागतिक स्थान यांचा मेळ किती काटेकोर घालता येतो, याचे उदाहरण जुन्नर तालुक्यातच आहे. खोडद येथील महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बिणीत ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्या आहेत. त्यांतील चौदा सुमारे एक चौरस किलोमीटरच्या मध्यवर्ती भागात असून उरलेल्या सोळा इंग्रजी वाय अक्षरासारख्या तीन भुजांवर सुमारे पंचवीस किलोमीटरच्या परिसरात पसरलेल्या आहेत. तबकड्यांमधील अंतरांवरच दुर्बिणीचे सारे गणित उभे असते. हायड्रोजनच्या रेषेची तरंगलांबी २१ सेंटिमीटर असल्याने काही सेंटिमीटरांची स्थानचूकही निरीक्षणात उतरते.

येथे सपाट कागदाचे जाळे अपुरे पडते. केंद्रापाशी टेकविलेले समतल प्रतल चौदा किलोमीटरांवरील टोकाशी पृथ्वीच्या पृष्ठभागापासून सुमारे पंधरा मीटर वर राहते. म्हणून अशा दुर्बिणींत तबकड्यांची स्थाने त्रिमितीत मांडली जातात आणि एक अक्ष पृथ्वीच्या परिवलनाच्या अक्षाला समांतर धरला जातो. ज्यांचे आकाशातील स्थान पक्के ठाऊक आहे अशा स्रोतांचे वेध घेऊन ही स्थाने सुधारता येतात. दगडाची जागा येथे आकाशाने घेतलेली आहे.

खोडदच्या तबकडीचे आणि तिच्या शेजारच्या शेताचे स्थान एकाच यंत्राने मोजता येईल. परंतु दोहोंची कसोटी एक नव्हे. तबकडीचे स्थान आकाशाशी जुळले की खरे. शेताची हद्द मात्र शेजाऱ्याच्या हद्दीशी, टिपणाशी आणि जागेवरील दगडाशी जुळावी लागते. महसुली अभिलेखात प्रामाण्य आहे ते या जुळणीला. अचूकतेचे एकच माप दोन्ही ठिकाणी लावणे योग्य होणार नाही.

संगणकातील रूपांतर : सूत्र आणि निवड

नकाशाप्रणालीत अक्षांश-रेखांशांचे स्थानिक जाळ्यात रूपांतर करण्याचे दोन टप्पे पडतात. पहिला टप्पा चौकट व प्रक्षेपण बदलण्याचा. तो सर्वस्वी सूत्रबद्ध आहे. अमेरिकेच्या भूशास्त्रीय सर्वेक्षणातील गेराल्ड इव्हेंडेन यांनी १९८० च्या दशकात विकसित केलेली प्रोज ही संगणकीय सूत्रमाला आज क्यूजीआयएससारख्या मुक्त प्रणालींतही हे काम करते. चौकट, गणिती गोल, प्रक्षेपण, कल्पित मूळबिंदू आणि एकक या पाच गोष्टी बरोबर सांगितल्या, की उत्तर बरोबर येते.

दुसरा टप्पा गावनकाशा या जाळ्यात बसविण्याचा. येथे सूत्र पुरेसे नाही. नकाशावर आणि जमिनीवर दोन्हीकडे ओळखू येतील अशा खुणा शोधाव्या लागतात : तीन गावांच्या शिवा जेथे मिळतात तो दगड, जुनी विहीर, देवळाचा कोपरा, न हललेला बांध. मग या खुणांच्या आधारे नकाशा सरकविणे, फिरविणे आणि लहान-मोठा करणे एवढ्यावर थांबता येते. चार अज्ञातांच्या या रूपांतरात शेतांचे आकार कायम राहतात. सहा अज्ञातांचे रूपांतर घेतले, तर दोन दिशांना निरनिराळे ताण देता येतात. याहीपुढे जाऊन नकाशा रबरासारखा ताणून प्रत्येक खुणेवर तंतोतंत बसविण्याची सोयही प्रणालीत असते.

तिसरा मार्ग मोहक आहे, कारण त्यात शिल्लक चूक शून्य दिसते. धोकाही त्यातच आहे. पहिल्या मार्गाने नकाशा बसविल्यावर काही खुणा दोन मीटरांनी, काही आठ मीटरांनी चुकतात. ही शिल्लक चूक म्हणजे त्या नकाशाच्या इतिहासाची नोंद असते. उतारावर साखळी जमिनीलगत ताणली गेली असेल, तर डोंगराच्या बाजूच्या चुका एका दिशेने वाढत जातात. एखादा दगड मागाहून हलविला गेला असेल, तर तेवढा एकच बिंदू बाकीच्यांशी फटकून राहतो. कागद दमट हवेत एका बाजूने ताणला गेला असेल, तर चुकांची रचना निराळी दिसते. रबरी ताणाने हा सारा पुरावा नाहीसा होतो आणि हललेला दगडही नव्या नकाशात खरा ठरतो. किमान आवश्यक तेवढ्याच खुणा घेतल्यासही तोच परिणाम होतो : दोन खुणांवर चार अज्ञात किंवा तीन खुणांवर सहा अज्ञात ठरविले, तर चूक दिसण्यास जागाच उरत नाही. अधिक खुणा आणि साधे रूपांतर हा मार्ग म्हणूनच इतिहासाच्या व न्यायाच्या दृष्टीने श्रेयस्कर ठरतो.

बुडालेली, गाडली गेलेली आणि दावा सांगितलेली जमीन

हा प्रश्न तांत्रिक काटेकोरपणाचा वाटेल. परंतु आंबेगाव तालुक्यात त्याला माणसांचे संदर्भ आहेत. ज्या आंबेगाव गावावरून तालुक्यास नाव मिळाले, ते मूळ गाव घोड नदीवरील डिंभे धरणाच्या जलाशयात बुडाले. या जलाशयास हुतात्मा बाबू गेनू यांचे नाव आहे. कुकडी प्रकल्पातील येडगाव, माणिकडोह, वडज आणि पिंपळगाव जोगे या अन्य चार धरणांच्या जलाशयांखालीही शिवारे गेली. बुडालेल्या गावाचे दगड, विहिरी आणि बांध पाण्याखाली असतात. वर राहतो तो नकाशा. पाणी ओसरल्यावर उघड्या पडणाऱ्या गाळपेर जमिनीत हद्द दाखवावयाची झाल्यास जमिनीवरील खुणांचा आधार मिळत नाही. जलाशयाच्या काठावर वाचलेल्या खुणांवरून आतील जाळे पुन्हा उभे करावे लागते आणि त्या वेळी रूपांतराची पद्धत हाच जवळजवळ एकमेव साक्षीदार ठरतो.

३० जुलै २०१४ रोजी माळीण येथे डोंगराचा कडा कोसळून गाव गाडले गेले आणि १५१ जणांचा मृत्यू झाला. त्यानंतर आमडे येथे गावाचे पुनर्वसन झाले. दरड कोसळते तेव्हा घरांबरोबर हद्दीच्या खुणाही जातात आणि जमिनीचा पृष्ठभागच बदलतो. शेजाऱ्यापासून मोजणारी साखळीची पद्धत अशा वेळी हतबल होते, कारण मोजणीस आरंभ करावा असा शेजारच उरत नाही. जागतिक चौकटीचे महत्त्व येथे निर्विवाद आहे. संकटापूर्वी काही पक्क्या खुणांचे अक्षांश-रेखांश घेऊन ठेवलेले असतील, तर जुने जाळे मातीखालूनही परत मिळविता येते.

तिसरा संदर्भ वनहक्कांचा आहे. २००६ च्या वनहक्क मान्यता कायद्यानुसार आदिवासी कुटुंबांनी कसलेल्या वनजमिनीचे दावे मांडले जातात आणि मोजणीत उपग्रहाधारित यंत्राचा उपयोग होतो. आंबेगाव व जुन्नरच्या पश्चिम पट्ट्यातील महादेव कोळी समाजाच्या दृष्टीने हा जिव्हाळ्याचा विषय आहे. एक एकराचा चौरस तुकडा सुमारे ६३.६ मीटर बाजूचा असतो. दोन चौकटींतील सव्वाशे मीटरांचा फरक दुरुस्त न करता तो तुकडा नकाशावर उतरविला, तर तो आपल्या जागेवरून पूर्णपणे निघून जातो. कसलेली जमीन दाट रानात दिसू शकते किंवा दुसऱ्याच्या दाव्यावर पडू शकते. दावेदाराने यंत्र हातात घेतलेले नसते आणि चौकटीचे नावही त्याने ऐकलेले नसते; परिणाम मात्र त्यालाच भोगावा लागतो.

या प्रश्नाचे महत्त्व पुढे वाढतच जाणार आहे. २००८ पासून राष्ट्रीय कार्यक्रमाद्वारे भूमि अभिलेखांचे आधुनिकीकरण सुरू झाले. गावठाणांच्या ड्रोन मोजणीचा प्रायोगिक प्रकल्प पुणे जिल्ह्यातील पुरंदर तालुक्यात सोनोरी येथे झाला आणि एप्रिल २०२० मध्ये स्वामित्व योजना देशपातळीवर जाहीर झाली. राज्यात सतत कार्यरत संदर्भकेंद्रांचे जाळे उभारले गेल्याने मोजणी सेंटिमीटरांपर्यंत पोहोचली आहे. जमिनीच्या प्रत्येक तुकड्यास अक्षांश-रेखांशांवर आधारित चौदा अंकाक्षरी ओळखक्रमांक देण्याची केंद्र शासनाची योजना २०२१ पासून राबविली जात आहे. सर्व्हे क्रमांक ही गावाने ओळखलेली खूण होती. नवा क्रमांक रूपांतराच्या गणितातून जन्मतो. गणितातील चूक अशा वेळी जमिनीच्या नावातच शिरते.

समारोप

जुन्नर-आंबेगावच्या भूमीवर साखळीचे, एव्हरेस्टचे आणि उपग्रहाचे जाळे एकमेकांवर अंथरलेले आहे. साखळीने शेतसारा ठरविला व शेजाऱ्यांचे तंटे मिटविले, त्रिकोणमितीने देशाचा नकाशा बांधला आणि उपग्रहाने तो पृथ्वीच्या केंद्राशी जोडला. नंतर आलेले जाळे आधीच्याला आपोआप रद्द करीत नाही, कारण शेतकऱ्याचा हक्क अद्यापि टिपणात आणि दगडात नोंदलेला आहे. उपग्रहाचे सेंटिमीटर आणि चार मीटर जाडीची जुनी रेषा यांची गाठ घालताना अचूकतेचा अभिमान जुन्या रेषेवर लादणे योग्य नव्हे. तिची मर्यादा दडवून ठेवणेही योग्य नव्हे.

यावरून व्यवहारासाठी काही गोष्टी निष्पन्न होतात. गावनकाशा बसविताना वापरलेली चौकट, एकक, खुणांची यादी, रूपांतराचा प्रकार आणि प्रत्येक खुणेवरील शिल्लक चूक यांची नोंद नकाशासोबत कायम जपली जावी. मूळ टिपणे व फाळणी नकाशे संगणकीकरणानंतरही राखले जावेत. डोंगराळ आणि जलाशयकाठच्या गावांत पक्क्या खुणांची स्थाने आधीच घेऊन ठेवली जावीत. भूगोल, इतिहास, गणित आणि संगणकशास्त्र या विभागांना एकत्र काम करण्यास येथे मोठा वाव आहे. महाविद्यालयाच्या परिसरातील एका गावाचा नकाशा, त्यातील दहा-बारा जुन्या खुणा आणि साधे यंत्र एवढ्या सामग्रीवर विद्यार्थ्यांना हा इतिहास स्वतः मोजून पाहता येईल. शिवेवरच्या दगडापाशी उभे राहून मिळालेले दोन आकडे जेव्हा शंभर वर्षांपूर्वीच्या टिपणातील साखळ्यांशी ताडून पाहिले जातात, तेव्हा त्यांतील फरक कोठून आला हे विचारण्याची सवय लागते. जमिनीच्या अभिलेखावर ज्यांची उपजीविका अवलंबून आहे, त्यांच्या दृष्टीने ही सवय अत्यंत मोलाची आहे.